खाण, माती आणि गोळी

हल्ली वर्तमानपत्र उघडले की कशाचे ना कशाचे जनुक सापडलेले असते. लठ्ठपणाचे सापडले, रागाचे सापडले, उशिरा उठण्याचेही सापडले म्हणे. (आमच्या घरात ते शेवटचे आधीपासूनच माहीत होते!) अशा बातम्या मी चहाबरोबर वाचते आणि सोडून देते. पण त्यातली एक बातमी सोडून देता येत नाही. अफूपासून किंवा अफूसारख्या रसायनांपासून बनवलेल्या वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन कोणाला लागणार, हे माणसाच्या जनुकांवरून आधीच सांगता येते असा दावा अमेरिकेत झाला. त्यावर एक चाचणी निघाली. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने तिला मान्यताही दिली. गालाच्या आतून बोळा फिरवायचा, पंधरा ठिकाणची जनुकीय अक्षरे वाचायची आणि शस्त्रक्रियेच्या आधीच माणसाला सांगायचे, की बाबा रे, तुझ्या रक्तात धोका आहे किंवा नाही.

आपण मराठीत या चाचणीचा निकाल फार पूर्वीच लावून ठेवला आहे. ‘खाण तशी माती.’ शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत ही म्हण मी बत्तीस वर्षे ऐकली. एखाद्या दारुड्याच्या मुलाने खोडी काढली, की कोणीतरी कप बशीत ठेवता ठेवता ती म्हणायचेच. त्याच मुलाला गणितात चांगले मार्क पडले तर मात्र कोणाला खाण आठवत नसे. तेव्हा ‘आमच्या शाळेने घडवला’! म्हणजे वाईट ते रक्तातले आणि चांगले ते आमचे. या म्हणीवर माझा राग जुना आहे. आता ती पांढरा कोट घालून परत आली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधीच स्पष्ट करते. माझा वाद विज्ञानाशी नाही. व्यसनात जनुकांचा वाटा असतो हे खरे आहे आणि ते मी नाकारत नाही. माझा वाद आहे तो जनुकांचे नाव पुढे करून गोळी बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि लिहून देणाऱ्याला मागच्या दाराने सोडून देण्याशी.

तर आधी विज्ञान काय म्हणते ते पाहू.

व्यसनातला आनुवंशिक भाग मोजायची जुनी रीत म्हणजे जुळी भावंडे. काही जुळी एकाच बीजापासून झालेली असतात, त्यांची जनुके सारखी. काही दोन वेगळ्या बीजांपासून झालेली, ती साध्या भावंडांइतकीच सारखी. पहिल्या प्रकारात एकाला व्यसन असताना दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण दुसऱ्या प्रकारापेक्षा जास्त निघाले, तर त्यात जनुकांचा हात आहे असे समजायचे. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात असलेल्या जुळ्या भावांची एक मोठी नोंदवही आहे. तिच्यातल्या तीन हजारांहून अधिक जोड्यांचा असा अभ्यास १९९० च्या दशकात झाला. त्यात आणि इतरत्र अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा कुठे पाव, कुठे निम्मा, कुठे त्याहून थोडा जास्त निघाला. लोक साधारण ‘निम्मा’ म्हणतात.

आता या ‘निम्मा’ शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी गडबड इथेच होते. याचा अर्थ ‘तुमचे व्यसन निम्मे रक्तातून आले’ असा नाही. हा आकडा एका माणसाचा नसतोच. तो एका विशिष्ट समाजातल्या, विशिष्ट काळातल्या माणसामाणसांतल्या फरकाचा असतो. शाळेतलेच उदाहरण देते. एका वर्गातल्या सगळ्या मुलांना एकच शिक्षक, एकच पुस्तक, एकच वेळापत्रक. मग त्यांच्या मार्कांतला जो फरक राहतो तो मुलांचा मुलांतच आहे असे दिसते. हे ठीक आहे. पण एखाद्या वर्षी त्या वर्गाचा निकाल दहा टक्के लागला तर? तेव्हा शिक्षणाधिकारी मुलांचे रक्त तपासायला पाठवत नाहीत. ते मास्तरांना बोलावतात! दहा टक्के पास कोण झाले आणि नव्वद टक्के नापास कोण, यात मुलांच्या बुद्धीचा भाग असेलही. पण नव्वद टक्के नापास का झाले, याचे उत्तर मुलांच्या बुद्धीत नसते.

जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने १९८५ मध्ये हीच गोष्ट फार नेमकी मांडली होती. समजा देशातला प्रत्येक माणूस दिवसाला वीस सिगरेटी ओढतो. मग फुप्फुसाच्या कर्करोगाचा कोणताही अभ्यास करा, तो रोग आनुवंशिकच दिसेल. कारण सिगरेट सगळेच ओढतात, म्हणजे ती फरक दाखवत नाही. फरक उरतो तो शरीरप्रकृतीचा. खरे कारण सगळीकडे पसरलेले असल्यामुळे दिसेनासे होते!

अमेरिकेत गोळ्यांचे नेमके हेच झाले.

तो इतिहास थोडक्यात सांगते. पर्ड्यू फार्मा या कंपनीची ऑक्सिकॉन्टिन ही गोळी १९९६ मध्ये बाजारात आली. आत ऑक्सिकोडोन, म्हणजे मॉर्फीनच्या कुळातलेच औषध. गोळी हळूहळू विरघळते म्हणून तिचा गैरवापर कमी होईल ‘असे मानले जाते’, असे वाक्य तिच्या मान्यताप्राप्त माहितीपत्रकात होते. व्यसनाचा धोका एक टक्क्याहून कमी, असे कंपनीचे विक्रेते डॉक्टरांना सांगत फिरले. आधार काय? १९८० मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात आलेले पाच वाक्यांचे पत्र. अभ्यास नव्हे, पत्र! रुग्णालयात दाखल असताना अशी औषधे दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद आढळली, एवढेच त्यात होते. रुग्णालयातल्या परिचारिकेच्या हातून मोजून मिळालेले औषध आणि घरी महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळ्या यांत काही फरक असतो की नाही? पण २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मोजले तेव्हा त्या पत्राचा दाखला सहाशेहून अधिक ठिकाणी दिलेला सापडला आणि बहुतेकांनी ‘रुग्णालयातले रुग्ण’ हे शब्द गाळले होते. दहावीच्या मुलाने असा अर्धवट दाखला दिला असता तर मी लाल रेघ मारली असती.

पुढचे आकडे अमेरिकी सरकारचेच आहेत. १९९९ ते २०१० या काळात अशा गोळ्यांची विक्री चौपट झाली आणि त्यांच्या अतिसेवनाने होणारे मृत्यूही चौपट झाले. २०१२ मध्ये डॉक्टरांनी या गोळ्यांच्या सुमारे साडेपंचवीस कोटी चिठ्ठ्या लिहिल्या. दर शंभर माणसांमागे एक्याऐंशी चिठ्ठ्या! वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कर्मिट नावाचे सुमारे चारशे वस्तीचे गाव आहे. तिथल्या एका औषधाच्या दुकानाला दोन वर्षांत जवळपास नव्वद लाख गोळ्या पुरवल्या गेल्या. एरिक आयर या स्थानिक पत्रकाराने घाऊक पुरवठादारांचे हे आकडे उजेडात आणले आणि त्याला २०१७ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. अर्थात गिऱ्हाईक लांबलांबून येत होते, गावातली चारशे माणसे काही एवढ्या गोळ्या खात नव्हती. पण प्रश्न उरतोच. अकरा वर्षांत अमेरिकन माणसाची जनुके बदलली का? जनुके बदलायला पिढ्यान्‌पिढ्या लागतात. चिठ्ठ्या चौपट व्हायला विक्रेत्यांची एक फौज पुरते.

त्या कंपनीने २००७ मध्ये गोळीची माहिती दिशाभूल करणारी दिल्याचा गुन्हा कबूल केला. कंपनी आणि तिचे तीन अधिकारी यांनी मिळून साठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरली. २०२० मध्ये तिने पुन्हा गुन्हे कबूल केले. या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटलेला कागद मॅसॅच्युसेट्स राज्याने भरलेल्या खटल्यातून २०१९ मध्ये बाहेर आला. कंपनीच्या मालक कुटुंबातले रिचर्ड सॅकलर यांनी २००१ मध्ये एका ईमेलमध्ये लिहिले होते, की गोळीचा गैरवापर करणाऱ्यांवरच सर्व बाजूंनी प्रहार करायला हवा, तेच खरे दोषी आहेत, बेफिकीर गुन्हेगार आहेत. वाचकहो, इथे थांबून विचार करा. गोळी दोषी नाही, माणूस दोषी. त्या वेळी ‘माणूस दोषी’ म्हणजे त्याचे चारित्र्य दोषी होते. आज तीच बोटे त्याच्या जनुकांकडे वळली आहेत. आरोपी तोच, फक्त आरोपपत्राची भाषा बदलली.

‘पण बाई, सगळ्यांना कुठे व्यसन लागते? शंभरांना गोळी दिली तर पाच-दहांनाच लागते. मग त्यांच्यात काहीतरी असणारच ना!’ असा प्रश्न येईल. रास्त आहे. त्याला व्हिएतनामचेच दुसरे उदाहरण देते. त्या युद्धात अमेरिकन सैनिकांना स्वस्त आणि अतिशुद्ध हेरॉइन सहज मिळत असे. ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७१ मध्ये मायदेशी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. जवळपास पाचांतला एक सैनिक तिथे असताना व्यसनी होता. सरकार घाबरले, की आता ही व्यसनी फौज गावोगाव पसरणार. प्रत्यक्षात काय झाले? तिथे व्यसनी असलेल्यांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षात पाच टक्क्यांच्या आसपास आणि तीन वर्षांत बारा टक्के पुन्हा व्यसनात अडकले. बाकीचे सुटले. रक्त तेच, जनुके तीच. बदलले काय? मुक्काम बदलला, सोबत बदलली, डोक्यावरून जाणारी विमाने गेली आणि हाताशी असलेली पुडी गेली.

गंमत पाहा. ज्या पिढीच्या जुळ्यांवरून आपण ‘निम्मे रक्तात’ म्हणतो, त्याच पिढीच्या सैनिकांनी हेही दाखवून दिले, की मुक्काम बदलला की रक्त मुकाट्याने गप्प बसते. पहिला आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. दुसरा कोणी सांगत नाही.

आता जनुकांकडेच वळू. या विषयातले सर्वांत प्रसिद्ध जनुक ओपीआरएम-१. मेंदूत मॉर्फीन ज्या ठिकाणी जाऊन चिकटते त्या ग्राहीचा आराखडा त्यात असतो. या जनुकात एका ठिकाणी बहुतेकांना ‘ए’ हे अक्षर असते, काहींना ‘जी’. युरोपीय वंशाच्या लोकांत जी-चे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास, तर आपल्या दक्षिण आशियात चाळीस टक्क्यांच्या आसपास. कित्येक वर्षे लहान लहान अभ्यासांतून या जी-वर व्यसनाचा संशय घेतला गेला. एका अभ्यासात संशय पक्का, दुसऱ्यात कच्चा. मग २०२० मध्ये अमेरिकेतल्या लाखाहून अधिक माजी सैनिकांच्या जनुकीय माहितीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काय निघाले? युरोपीय वंशाच्या लोकांत जी असलेल्यांना गोळ्यांचे व्यसन किंचित कमी! आफ्रिकी वंशाच्या लोकांत तर तो संबंध आढळलाच नाही. म्हणजे वर्षानुवर्षे ज्याला पिंजऱ्यात उभे केले ते अक्षर राखणदार निघाले, तेही अगदी नावापुरते. या व्यसनात एकच एक जनुक नाही. शेकडो-हजारो ठिकाणचे बारीक बारीक परिणाम आहेत आणि प्रत्येक परिणाम चिमूटभर.

आणि ती पंधरा अक्षरांची चाचणी? अ‍ॅव्हर्टडी तिचे नाव. ऑक्टोबर २०२२ मध्ये औषध प्रशासनाच्या स्वतःच्याच सल्लागार समितीने तिच्याविरुद्ध अकरा आणि बाजूने दोन असे मत दिले होते. तरी काही बदल करून वर्षभराने मान्यता मिळाली. एप्रिल २०२४ मध्ये एकतीस तज्ज्ञांनी ती मागे घ्या म्हणून पत्र लिहिले. जानेवारी २०२५ मध्ये साडेचार लाखांहून अधिक माजी सैनिकांच्या माहितीवर त्या पंधरा अक्षरांची परीक्षा झाली. व्यसनाच्या धोक्यातल्या फरकापैकी अर्धा टक्कासुद्धा त्यांना सांगता आला नाही आणि शंभरातले जवळपास सत्तेचाळीस अंदाज चुकले. यापेक्षा नाणे उडवा, बोळा तरी वाचेल! त्याआधी २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवले होते, की असे मोजके जनुकीय फरक व्यसन ओळखत नाहीत, बऱ्याच अंशी माणसाचे पूर्वज कोणत्या खंडातले ते ओळखतात. म्हणजे धोक्याची चाचणी म्हणून जे विकायचे ते आतून वंशाची चाचणी. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला.

का आला ते सांगते. रक्तात गुन्हा असतो असे मानणारा कायदा आपल्याकडे होऊन गेला आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. पारध्याच्या, कैकाड्याच्या घरात जन्मलेले मूल जन्मतःच संशयित. हजेरी लावा, तारेच्या कुंपणात राहा. सोलापूरची सेटलमेंट माहीत असलेली माणसे अजून आहेत. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिक्का गेला का? चोरी झाली की पोलिस अजून कोणाच्या पालावर आधी जातात? त्या कायद्यामागेही त्या काळचे ‘शास्त्र’ होतेच. तेव्हा कोणी म्हणत असेल, की नुसती माहिती आहे, तिने काय बिघडते, तर माझे उत्तर असे, की रक्ताबद्दलची माहिती कधी नुसती माहिती राहत नाही. ती रजिस्टरमध्ये जाते.

ती कशी जाते त्याचा अनुभव अलीकडेच आला. माझी एक जुनी विद्यार्थिनी अमेरिकेत असते. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. रुग्णालयाच्या फॉर्ममध्ये घरात कोणाला व्यसन होते का, असा प्रश्न होता. तिने मला फोन केला. “बाई, दादांचं लिहू का हो?” तिचे वडील दारूने गेले. साऱ्या गावाला ते माहीत होते आणि चौथीपासून ती पोर ते ओझे दप्तराबरोबर वाहत होती. “लिहिलं तर मला दुखण्याची गोळी देतील की नाही कोण जाणे. आणि नाही लिहिलं तर खोटं लिहिल्यासारखं होईल.” साठीच्या घरात पोचलेली, दोन नातवंडांची आजी, सातासमुद्रापलीकडे आणि अजून बापाच्या बाटलीचा हिशेब देते आहे.

अशा प्रश्नांना गुण देण्याची एक प्रसिद्ध पद्धत २००५ पासून अमेरिकेत वापरात आली. दीर्घकाळ दुखणे असलेल्या रुग्णांसाठी ती काढली होती. तिची गुणपत्रिका पाहा. घरात दारूचे व्यसन असेल तर बाईला एक गुण, पुरुषाला तीन. बेकायदा अमली पदार्थांचे असेल तर बाईला दोन, पुरुषाला तीन. डॉक्टरी औषधांचे असेल तर दोघांनाही चार. आठ गुण झाले की ‘जास्त धोका’. म्हणजे आयुष्यात सुपारीचे खांडही न खाल्लेला पुरुष केवळ घरच्यांच्या व्यसनांवर दहा गुण मिळवून धोकादायक ठरू शकतो. आणि याहून भयंकर म्हणजे लहानपणी लैंगिक अत्याचार झालेला असेल तर बाईला तीन गुण, पुरुषाला शून्य. अत्याचार तिच्यावर झाला, आणि गुणही तिच्याच नावावर! २०१९ च्या सुधारित पद्धतीत हा प्रश्न काढून टाकला. पण तोवर चौदा वर्षे गेली होती.

मी तिला सांगितले, खरे तेच लिही. घरात व्यसन असणे ही माहिती डॉक्टरांना उपयोगाची आहे. पण तिचा उपयोग डॉक्टरांनी जास्त लक्ष देण्यासाठी व्हायला हवा, गोळी नाकारण्यासाठी नव्हे. तू त्यांना उलट विचार, की गोळ्या किती, किती दिवस, आणि बंद कशा करायच्या?

कारण खरा धोका कुठे असतो याचेही आकडे आहेत. अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१७ मध्ये सुमारे तेरा लाख रुग्णांच्या नोंदी तपासून एक अहवाल दिला. पहिल्या वेळी एका दिवसाच्या गोळ्या मिळालेल्यांपैकी सहा टक्के लोक वर्षानंतरही गोळ्या घेत होते. आठ किंवा अधिक दिवसांच्या मिळाल्या तर साडेतेरा टक्के. महिन्याहून जास्त मिळाल्या तर जवळपास तीस टक्के. ज्याला दुखणे मोठे त्याला गोळ्याही जास्त मिळणार, हे धरूनही हा चढता जिना डोळ्यांत भरतो. आणि तो कोणाच्या हातात आहे? चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या. तो मोजायला बोळा लागत नाही, बोटे पुरतात.

आणखी एक फरक लोक लक्षात घेत नाहीत. शरीराला औषधाची सवय होणे वेगळे आणि व्यसन वेगळे. अशा गोळ्या काही आठवडे रोज घेतल्या तर कोणाच्याही शरीराला त्यांची सवय होते आणि एकदम बंद केल्या तर घाम, जुलाब, अंगदुखी, झोप उडणे असे सगळे होते. गरोदरपणात आईने या गोळ्या घेतल्या असतील तर नवजात बाळालाही हा त्रास होतो. आता त्या बाळाचे चारित्र्य वाईट म्हणायचे का? आधी डॉक्टरांनी हात सैल सोडला आणि मग २०१६ नंतर भीतीने एकदम आखडला. वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्या रुग्णांच्या गोळ्या तडकाफडकी बंद झाल्या. शेवटी २०१९ मध्ये औषध प्रशासनालाच सांगावे लागले, की असे एकदम तोडू नका, माणसे तडफडतात, जिवावर उदार होतात. चूक त्यांची, तडफड रुग्णाची.

मग जनुकांचा अभ्यास काहीच कामाचा नाही का? आहे ना! कोडीनचे उदाहरण घ्या. आपल्याला ते खोकल्याच्या औषधातून माहीत आहे. कोडीनचे यकृतात मॉर्फीन होते आणि मगच दुखणे कमी होते. हे काम सीवायपी२डी६ नावाचे जनुक ज्याचा आराखडा देते ते विकर करते. काही लोकांत या जनुकाच्या जादा प्रती असतात. त्यांच्या शरीरात भराभर मॉर्फीन तयार होते. टॉन्सिल काढल्यानंतर नेहमीचा डोस दिलेली काही मुले अशीच श्वास थांबून दगावली. म्हणून अमेरिकेत २०१३ मध्ये कडक इशारा आला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलांना कोडीन आणि ट्रॅमाडॉल देऊ नये असे ठरले. याउलट काही लोकांत ते विकर कामच करत नाही. त्यांना कोडीनने आराम पडत नाही. ते म्हणतात, ‘डॉक्टर, दुखतंय, अजून द्या.’ आणि डॉक्टरांना वाटते, हा गोळ्यांना चटावला! इथे जनुक माणसावरचा आळ दूर करते. याला म्हणतात विज्ञानाचा उपयोग. औषध माणसाला जुळते का ते पाहायचे, माणूस औषधाच्या लायकीचा आहे का ते नव्हे.

काही सुशिक्षित मंडळी म्हणतील, की जनुकांमुळे व्यसन हा रोग आहे, पाप नाही, हे तरी पटते. तुम्ही उगाच विरोध करता. या मताबद्दल मला आदर आहे. पण मानसशास्त्रज्ञांनी हेही तपासून पाहिले आहे. एखादा मनोविकार जनुकांमुळे होतो असे सांगितले की लोक रुग्णाला दोष कमी देतात हे खरे, पण त्याच वेळी ‘हा काही बरा होणार नाही’ असेही त्यांना जास्त वाटू लागते. दोष गेला, आशाही गेली. प्रत्यक्षात मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन यांसारख्या औषधांनी या व्यसनातली माणसे सावरतात, कामाला लागतात, मृत्यू टळतात. आणि उपचार सुरू करण्याआधी कोणी त्यांची खाण विचारत नाही.

आपल्याकडचे चित्र याच्या उलटे आणि तितकेच दुःखद. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले, की आपल्याच कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फीन मिळेना. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला, तरी मनातली भीती गेलेली नाही. २०१७ मधल्या एका आंतरराष्ट्रीय अहवालाप्रमाणे जगातल्या गरीब निम्म्या लोकसंख्येच्या वाट्याला अशा औषधांचा एक टक्का येतो. दुसरीकडे ट्रॅमाडॉल मात्र २०१८ मध्ये त्या कायद्याखाली येईपर्यंत काउंटरवर सहज मिळायचे. म्हणजे ज्याला हवी त्याला नाही, आणि ज्याला नको त्याला पाकीटभर. यात कोणते जनुक आहे ते मला कोणी सांगावे.

तेव्हा वाचकांना एवढेच सांगणे. घरात कोणाची शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना विचारायला लाजू नका. ही गोळी अफूच्या कुळातली आहे का? किती दिवस? साध्या गोळीने भागेल का? थांबवायची कशी? आणि खरोखरच कर्करोगाचे दुखणे असेल तर मॉर्फीनला घाबरू नका, वेदनेने तळमळत ठेवण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. आणि वाचकांत जे डॉक्टर आहेत त्यांना हात जोडून विनंती, की रुग्णाच्या बापाची बाटली विचारा जरूर, पण त्याच चौकशीत औषध कंपनीच्या माणसाने तुमच्या टेबलावर काय ठेवले तेही एकदा पाहा.

आणि ‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्यांना एकच सांगते. मातीत विष कालवणारा कोण ते आधी शोधा. मग खाणीकडे बघू.